धक्क्यांची नोंद : यंत्राची आणि गावाची

दिनांक १० जुलै २०२४ रोजी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यातील जमीन हादरली. चुली पेटण्याची, गुरे सोडण्याची, मुलांना शाळेसाठी तयार करण्याची ती वेळ. काही सेकंदांचा हा धक्का हिंगोलीबरोबरच परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतही जाणवला. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने त्याची महत्ता ४.५ असल्याचे जाहीर केले. केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात असल्याचे सांगण्यात आले. जीवितहानी झाली नाही. वृत्तपत्रांच्या दृष्टीने बातमी येथेच संपली.

ज्या गावांच्या पोटात ही घडामोड झाली, त्या गावांच्या दृष्टीने मात्र ती तेथे संपली नव्हती आणि तेथे सुरूही झाली नव्हती. त्याच वर्षी २१ मार्च रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ महत्तेचा आणि त्यानंतर अवघ्या अकरा मिनिटांनी ३.६ महत्तेचा, असे दोन धक्के जिल्ह्याने अनुभवले होते. त्याआधी २० नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे पाचच्या सुमारास ३.५ महत्तेचा धक्का बसला होता. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे, औंढा नागनाथ तालुक्यातील पिंपळदरी आणि आसपासच्या गावांत तर त्याच्याही कित्येक वर्षे आधीपासून जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या तक्रारी होत होत्या. रात्री आवाज झाला की लोक घराबाहेर येत, अंगणात बसून राहत, आणि सकाळी पुन्हा त्याच घरात शिरून दैनंदिन कामाला लागत.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगासाठी आणि संत नामदेवांच्या नरसीसाठी सर्वांना परिचित आहे. भूकंपाचा जिल्हा म्हणून त्याची कधी ओळख नव्हती, आणि आजही तशी ती नाही. येथे मोठा विध्वंस झालेला नाही, पुनर्वसनाच्या वसाहती उभ्या राहिलेल्या नाहीत. परंतु वारंवार हलणाऱ्या जमिनीवर संसार करणे म्हणजे काय, याचा अनुभव येथील अनेक गावे घेत आहेत. या अनुभवाचे पुढे काय होते? तो बोलण्यात विरून जातो, की कागदावर उतरतो? प्रश्न साधा दिसत असला, तरी त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे.

आवाज कशाचा?

पहिली शंका आवाजाची. जमिनीखाली ज्वालामुखी आहे, पोकळी आहे, वायू कोंडला आहे, असे नाना तर्क गावोगाव ऐकू येतात. त्यांपैकी ज्वालामुखीचा तर्क तर मुळातच टिकणारा नाही. मराठवाड्याचा काळा कातळ हा ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेला आहे हे खरे. पण तो रस साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थिजला. आज या भूमीखाली जागा असलेला ज्वालामुखी नाही.

आवाजाचा उलगडा भूकंपाच्या स्वरूपातच आहे. खडकात साठलेला ताण एखाद्या जुन्या भेगेवर अचानक मोकळा झाला, की तेथून लहरी सर्व दिशांना धावू लागतात. त्यांपैकी सर्वांत वेगवान लहरी या ध्वनिलहरींसारख्याच दाबाच्या लहरी असतात आणि कठीण खडकातून त्या सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने जातात. भूकंप खोलवर झाला, तर या लहरींतील जलद कंपने वाटेतच जिरून जातात. तो उथळ, म्हणजे जमिनीखाली अवघ्या काही किलोमीटरवर झाला आणि मधला खडक कठीण बेसाल्टचा असला, तर ती कंपने पृष्ठभागापर्यंत शाबूत पोहोचतात. मग जमीन तबल्याच्या पुडीप्रमाणे थरथरते आणि वरच्या हवेत आवाज उमटतो. धक्का अगदी लहान असेल तेव्हा पायाला काहीच कळत नाही, कानाला मात्र कळते. म्हणून पांगरा शिंद्यासारख्या गावी 'आवाज आला, पण हादरा बसला नाही' असे जे लोक सांगत, ते भ्रमाचे बोलणे नव्हते. शास्त्राच्या दृष्टीने ती मोलाची साक्ष होती.

शेजारच्या नांदेड शहराने हा अनुभव आधीच घेतला होता. २००६ च्या नोव्हेंबरपासून त्या शहराच्या काही भागांत स्फोटासारखे आवाज आणि बारीक धक्के सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे यंत्रे बसवून अभ्यास केला, तेव्हा हे धक्के फार उथळ आणि लहान असल्याचे दिसून आले. अशा एकामागून एक येणाऱ्या लहान धक्क्यांच्या मालिकेला शास्त्रज्ञ 'भूकंपांचा थवा' म्हणतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांनी २०१८ च्या नोव्हेंबरपासून असाच थवा अनुभवला. पावसाळ्यानंतर खडकांच्या भेगांतून खोल उतरणारे पाणी अशा धक्क्यांना निमित्त ठरत असावे, असे मत अनेक अभ्यासक मांडतात. मूळ कारण मात्र त्याहून मोठे आहे. भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत असून हिमालयाशी होणाऱ्या त्याच्या रेट्याचा ताण दख्खनच्या खडकालाही सोसावा लागतो.

दोन निरनिराळी मापे

भूकंपाची बातमी देताना 'रिश्टर स्केलवर ४.५ तीव्रता' असे लिहिण्याचा प्रघात पडून गेला आहे. त्यामुळे एक महत्त्वाचा भेद पुसला जातो. यंत्रावरून काढलेला ४.५ हा आकडा म्हणजे भूकंपाची महत्ता. ती एका भूकंपाची एकच असते, मग तो हिंगोलीत जाणवो की परभणीत. हा आकडा एकाने वाढला तर मोकळी होणारी शक्ती सुमारे बत्तीस पट वाढते. म्हणजे २१ मार्चचा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा आकड्याने ०.९ इतकाच कमी दिसत असला, तरी त्याची शक्ती पहिल्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारीच्या भूकंपाची महत्ता ६.२ धरली, तर हिंगोलीच्या ४.५ च्या धक्क्याहून त्याची शक्ती सुमारे साडेतीनशे पट भरते.

तीव्रता ही गोष्ट वेगळी. एखाद्या विशिष्ट जागी तो भूकंप किती जाणवला, तेथे त्याने काय केले, हे तीव्रता सांगते. ती प्रत्येक गावी निराळी असते. एकाच गावात काळ्या मातीच्या गाळावरील वाडीत आणि कातळावरील वस्तीत निराळी असते. तीव्रता ठरविताना झोपलेली माणसे जागी झाली काय, फडताळातील भांडी वाजली काय, टांगलेला कंदील किंवा पंखा हलला काय, भिंतीचा गिलावा सुटला काय, असे प्रश्न विचारावे लागतात. या प्रश्नांची उत्तरे यंत्राकडे नसतात. ती त्या घरात राहणाऱ्या माणसाकडेच असतात.

भूकंपलेखक यंत्र जमिनीची हालचाल लिहून ठेवते आणि माणूस त्या हालचालीचा परिणाम लिहून ठेवू शकतो. पहिले लेखन आता बहुतेक आपोआप होते. दुसरे बहुतेक होतच नाही.

लिस्बनच्या पाद्र्यांना धाडलेले प्रश्न

ही दुसरी नोंद किती उपयोगी पडते, याची उदाहरणे जुनी आहेत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने, समुद्राच्या लाटांनी आणि पाठोपाठ लागलेल्या आगीने उद्ध्वस्त झाली. ज्या मंत्र्याकडे पुनर्रचनेचे काम होते, तो पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आला. त्याने देशभरातील गावोगावच्या पाद्र्यांकडे एक प्रश्नावली धाडली. धक्का केव्हा सुरू झाला, किती वेळ टिकला, नंतर किती धक्के बसले, समुद्र आधी ओसरला की चढला, विहिरी आणि झऱ्यांचे काय झाले, जमिनीला भेगा पडल्या काय, किती माणसे दगावली, असे ते प्रश्न होते. गावात लिहिता-वाचता येणारा आणि प्रत्येक कुटुंब ओळखणारा माणूस म्हणजे पाद्री. म्हणून त्याची निवड झाली. हिशेब अगदी व्यवहारी होता. त्यांची उत्तरे पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपलेली आहेत आणि अडीच शतकांनंतरचे शास्त्रज्ञ त्यांच्या आधारे त्या भूकंपाचा अभ्यास करतात.

भारतात १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून आणि रहिवाशांकडून माहिती मागविली, आलेली पत्रे पडताळली आणि समान तीव्रतेची गावे जोडणाऱ्या रेषा नकाशावर काढल्या. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल भूकंपशास्त्रात आधारग्रंथ मानला जातो. याच ओल्डहॅम यांनी पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या अभ्यासावरून पृथ्वीच्या पोटात गाभा असल्याचा पुरावा दिला.

अलीकडील उदाहरण न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराचे आहे. तेथे ४ सप्टेंबर २०१० रोजी ७.१ महत्तेचा आणि २२ फेब्रुवारी २०११ रोजी ६.३ महत्तेचा भूकंप झाला. दुसरा आकड्याने लहान होता, पण शहराला लागून आणि उथळ झाल्याने त्यात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरही हजारो लहान-मोठे धक्के बसत राहिले. तेथील कँटरबरी विद्यापीठाने मालवाहू पेटाऱ्यात ध्वनिमुद्रणाची सोय करून तो पेटारा वस्तीवस्तीत फिरविला आणि लोकांना आपापला अनुभव आपल्या शब्दांत सांगावयास लावले. घरे बांधण्याचे काम अजून पुढे होते. शहराने तत्पूर्वीच आपली साक्ष नोंदवून ठेवली.

कोयना आणि किल्लारी

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या दोन मोठ्या भूकंपांचा इतिहास यंत्राच्या आणि माणसांच्या अशा दोन्ही नोंदींच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर आणि परिसरात सुमारे १८० माणसे प्राणास मुकली. जलाशयात पाणी साठू लागल्यापासून तेथे लहान धक्के जाणवत होते आणि त्यामुळे धरणाच्या परिसरात यंत्रे बसविलेली होती. खुद्द धरणातील यंत्राने त्या पहाटेचे कंपन टिपले. तो काही सेकंदांचा आलेख पुढे जगभरच्या धरण अभियंत्यांच्या हाती गेला. काँक्रीटची धरणे भूकंपात कशी वागतील याचे गणित करताना तो आजही वापरला जातो. मोक्याच्या जागी झालेली एक नोंद किती दूरवर पोहोचते, हे येथे दिसते.

किल्लारीचे तसे नव्हते. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. लोक घाबरले, काही काळ बाहेर झोपले. पुढे धक्के कमी झाले आणि भीतीही ओसरली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे घडले, त्यात ७,९०० हून अधिक माणसे मरण पावली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावांचे संपूर्ण पुनर्वसन करावे लागले. तोवर हा टापू भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात गणला जात होता. २००२ मध्ये भारतीय मानक संस्थेने नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला.

किल्लारीच्या आधी लहान धक्के बसले होते, म्हणून हिंगोलीच्या लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप येणारच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. लहान धक्क्यांचे बहुतेक थवे मोठा भूकंप न होताच विरून जातात. नांदेडचा थवाही तसाच विरला. त्याचबरोबर, लहान धक्क्यांमुळे जमिनीतील ताण निघून जातो आणि मोठे संकट टळते, हे खेडोपाडी दिले जाणारे आश्वासनही तितकेच निराधार आहे. बत्तीस पटीचा हिशेब लक्षात घेतला, तर मोठ्या भूकंपाची शक्ती लहान धक्क्यांतून निघून जाण्यासाठी किती धक्के लागतील, हे शाळेतील मुलेही सांगू शकतील. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारे शास्त्र आज जगात कोठेही नाही. तेव्हा अधिकाऱ्याने ग्रामसभेत उभे राहून 'काही होणार नाही' असे सांगणे आणि कोणी भ्रमणध्वनीवर 'आज रात्री होणार' असा संदेश पसरविणे, या दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या आहेत. फरक असला तर हेतूचा.

किल्लारीने आणखी एक धडा दिला. माणसे मेली ती जमीन हलल्यामुळे नव्हे, तर घरे पडल्यामुळे. दगड आणि चिखलात बांधलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि त्यांवर मातीच्या जड थराचे माळवद अशी ती घरे होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांस बांधलेले नव्हते. मध्ये दगडगोट्यांची भर होती. धक्क्याने थर फाकले आणि माळवद खाली आले. नंतरच्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात जागतिक बँकेच्या साहाय्याने नवी गावे वसविण्यात आली, आणि सुमारे १,३०० गावांतील दोन लाखांच्या घरातील जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हाती घेण्यात आले. या दुसऱ्या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आल्या. शासनाचा निर्णय घरापर्यंत आणि घराची अडचण शासनापर्यंत नेणे हे त्यांचे काम होते. नव्या वसाहतींच्या भव्यतेपुढे हे काम झाकले गेले. योग्यतेने ते कमी नव्हते.

लेखनाच्या बाजूने पाहता, किल्लारीबद्दल जे लिहिले गेले ते बव्हंशी नंतरचे आहे. लातूरचे अतुल देऊळगावकर यांचे 'डळमळले भूमंडळ' हे पुस्तक त्या आपत्तीचा आणि पुनर्वसनाचा विचार करते. शास्त्रज्ञांनी किल्लारीत छिद्र घेऊन तेथील बेसाल्टची जाडी ३३८ मीटर असल्याचे शोधले आणि त्याखालचा प्राचीन खडक तपासला. परंतु १९९२ च्या त्या अस्वस्थ महिन्यांत कोणत्या वाडीत कोणत्या रात्री काय जाणवले, ते ज्यांना सांगता आले असते त्यांतील अनेक जण ३० सप्टेंबरच्या पहाटे गेले.

पत्र्यावरचे दगड

हिंगोलीकडे वळल्यास, २०२४ च्या धक्क्यांनंतर या भागात प्रशासनाने नागरिकांना एक आवाहन केले. ज्या घरांवर पत्रे असून ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. सूचना क्षुल्लक वाटेल, पण ती नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारी आहे. वळवाच्या वाऱ्यापासून घर राखणारा दगड भूकंपात माणसाच्या डोक्यावर येतो. अर्थात दगड काढले की वाऱ्याचा प्रश्न उरतोच. पत्रे आकड्यांनी आणि नटबोल्टने आढ्याला व वाशांना पक्के जखडणे हा त्यावरील उपाय आहे आणि त्याला फार खर्च येत नाही. दगड काढण्याचे आवाहन ज्या कागदावर असेल, त्याच कागदावर ही दुसरी ओळही असली पाहिजे. नाही तर पहिल्या वादळाबरोबर दगड पुन्हा वर जातील.

जुन्या दगडमातीच्या भिंतींना आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे टेकू देणे, नव्या बांधकामात जोत्याच्या, दारांच्या आणि छताच्या पातळीवर सलग पट्टे घालणे, कोपरे लोखंडी सळईने बांधणे, या गोष्टी किल्लारीनंतर मराठवाड्यातील गवंड्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. घरकुल योजनेतील घर मंजूर करताना या पट्ट्यांची पाहणी होते किंवा नाही, हे ग्रामपंचायत सदस्यांनी स्वतः जाऊन पाहण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष धक्क्याच्या वेळी काय करावे, हे शाळांतून सांगितले जाते. घरात असल्यास भक्कम मेजाखाली किंवा पलंगाच्या आडोशाला डोके झाकून बसावे आणि हादरा थांबल्यावर बाहेर पडावे. घर कच्चे आणि दार हाताशी असेल, तर लगेच मोकळ्यावर यावे. धावपळ करू नये. पालघर जिल्ह्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्याच्या वेळी बाहेर पळताना पडून एका लहान मुलीचा मृत्यू झाला होता. घर उभेच होते.

नोंदवही कशी असावी

शाळा, ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील या तिघांपैकी एकाने गावात धक्क्यांची नोंदवही ठेवली, तर त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. दोनशे पानी वही पुरते. लागते ती शिस्त.

वेळ घड्याळ पाहून लिहावी आणि ती कोणत्या घड्याळाची हेही लिहावे. भ्रमणध्वनीमुळे ही अडचण आता पुष्कळ दूर झाली आहे. भिंतीवरील घड्याळ पाच मिनिटे पुढे असते, हे प्रत्येक घर जाणते. सांगणारा कोठे होता, बसलेला, झोपलेला की चालत होता, घर मातीचे की सिमेंटचे, तळमजला की माडी, हे लिहावे. आवाज आला काय, धक्क्याच्या आधी की बरोबर, कोणत्या दिशेने आल्यासारखा वाटला, हे स्वतंत्र लिहावे. भांडी, टांगलेल्या वस्तू, दारे-खिडक्या, विहिरीचे पाणी, गोठ्यातील जनावरे यांचे जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहावे. दुसऱ्याकडून ऐकलेले लिहावयाचे असल्यास तसा उल्लेख करावा.

'सकाळी भूकंपाचा जोरदार धक्का बसला, नागरिकांत घबराट पसरली' ही नोंद वाचावयास बरी वाटते, पण अभ्यासकाला तिचा उपयोग शून्य. 'सात वाजून चौदा मिनिटे, मोबाइलची वेळ. स्वयंपाकघरात बसून. आधी ट्रॅक्टर आल्यासारखा आवाज, लगेच हादरा, पाच-सहा सेकंद. फळीवरचे दोन पेले पडले. शेतातील माणसांना आवाज ऐकू आला, हादरा कळला नाही' अशी नोंद रूक्ष दिसेल. तिच्यातील प्रत्येक शब्द मात्र कामाचा आहे. शिक्षकांनी पाचवीच्या पुढील मुलांना असे लिहिण्यास शिकविले, तर निबंधाच्या तासाचाही फायदा होईल. ठरावीक अलंकारांनी भरलेल्या निबंधांपेक्षा पाहिलेले जसेच्या तसे लिहिणे अवघड असते. शिवाय, रात्रीच्या भीतीने गप्प झालेले मूल काय घडले ते स्वतःच्या हाताने क्रमाने लिहू लागले, की ते बोलूही लागते. आपत्तीच्या वेळी मुलांबरोबर काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव आहे.

'धक्का जाणवला नाही' ही नोंदही तितकीच महत्त्वाची. शेजारच्या गावी लोक बाहेर आले आणि आपल्या गावी कोणालाच काही कळले नाही, हे लिहून ठेवल्याशिवाय नकाशावरील रेषा कोठे थांबवावयाची, हे ठरत नाही. दुर्दैवाने, काही घडले नाही हे लिहिण्याची सवय आपल्या दफ्तरांना नाही.

आणखी एक भ्रम या वहीने दूर होऊ शकेल. भूकंप पहाटेच होतात, अशी समजूत मराठवाड्यात रुजली आहे. कोयना, किल्लारी आणि हिंगोलीचे अनेक धक्के पहाटेचे किंवा सकाळचे असल्याने ती स्वाभाविकही आहे. परंतु रात्री आणि पहाटे सर्वत्र सामसूम असते, माणूस जमिनीला पाठ टेकून पडलेला असतो, म्हणून बारीकसा धक्काही कळतो. तोच धक्का दुपारी मळणीयंत्राच्या घरघरीत कोणाच्या ध्यानातही येत नाही. सांगणारा त्या वेळी काय करीत होता, हा रकाना म्हणूनच ठेवावयाचा.

वहीतील महिन्याच्या पानाची प्रत तहसील कार्यालयामार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे जावी आणि मूळ वही गावात राहावी. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावरही जाणवलेला धक्का कळविण्याची सोय आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे अध्ययन चालते. तेथील विद्यार्थ्यांना या वह्या म्हणजे आयती साधनसामग्री ठरेल.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा साकारत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतील अतिसूक्ष्म फरक मोजणाऱ्या या यंत्रणेला जमिनीची अत्यल्प हालचालही टिपून वेगळी काढावी लागते. विश्वाच्या दुसऱ्या टोकाची थरथर ऐकण्यासाठी निवडलेल्या तालुक्यातच, फळीवरचे पेले का पडले असे विचारणारी गावे आहेत. प्रयोगशाळेची यंत्रे आणि शाळेतील दोनशे पानी वही यांची तुलना होऊ शकत नाही. तरीही त्या पेल्यांची नोंद वहीतच होणार आहे.

भिंतीवरील रेघ

पंचनाम्याच्या वेळी नेहमी वाद होतो तो भिंतीच्या तड्यावरून. घरमालक म्हणतो तडा भूकंपाने पडला. पाहणी करणारा कर्मचारी म्हणतो तो जुना आहे. काळ्या मातीवरील घरांना भूकंपाविनाही तडे जातात. उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते. त्यामुळे दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात आणि निर्णय देण्यास पुरावा नसतो.

अभियंते यासाठी एक साधी पद्धत वापरतात. तड्याची दोन्ही टोके जेथे संपतात तेथे पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख घालावी. तड्यावर मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसची लहान पट्टी बसवून तिच्यावरही तारीख लिहावी. ग्रामपंचायतीने शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर आणि गावातील जुनी दगडमातीची घरे यांवर एकदा अशा रेघा मारून घेतल्या आणि त्यांची यादी नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर ठेवली, तर पुढच्या धक्क्यानंतर तडा रेघेच्या पुढे गेला किंवा पट्टी तडकली, हे कोणालाही दिसेल. तसे झाल्यास ती खोली त्याच दिवशी रिकामी करून पंचायत समितीच्या शाखा अभियंत्यास कळवावयाचे. तडा रेघेपाशीच थांबलेला असला, तर जुन्या तारखेखाली पाहणीची नवी तारीख घालावयाची आणि पुढच्या घराकडे जावयाचे.